संगणकासमोरचे दुसरे शील

आपण नित्य पंचशील ग्रहण करतो. त्यातील दुसरे शील, न दिलेले घेण्यापासून अलिप्त राहण्याचे, संगणकासमोर मात्र सहज विसरले जाते. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात नवा संगणक घरी आला की त्यात महागड्या सॉफ्टवेअरच्या पायरेटेड प्रती टाकून घेतल्या जातात आणि गरिबीचे कारण पुढे केले जाते. माझ्या मते हे कारण आता टिकत नाही. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जगापुढे ठेवलेले लिनक्स, कार्यालयीन कामासाठी लिब्रेऑफिस, मुंबईच्या ‘एक टाईप’चा ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट, हे सारे कर्त्यांनी स्वेच्छेने दिलेले आहे. शिवाय लिनक्सची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, पुढे द्यावी. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याला या खुलेपणाचे मोल वेगळे सांगायला नको.

बाजारपेठेत हिशेबनिसाची नोकरी हवी तर टॅली शिकावीच लागेल, हे खरे. तिच्या सरावासाठीही मोफत शैक्षणिक सोय आहे. उरतो देण्याचा प्रश्न. लिब्रेऑफिसचा मराठी अनुवाद स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतो, आणि त्यातील एखादा चुकलेला शब्द सुधारण्याचे काम आपल्या वसतिगृहातील दहावीची मुलेही करू शकतात.