कौटुंबिक उत्पन्न आणि किशोरवयीनांची समज

किशोरवयीन मुलांना घरच्या उत्पन्नाची समज नसते, म्हणून त्याची चर्चा त्यांच्यासमोर करू नये, हे मत सुशिक्षित कुटुंबांतही दृढ आहे. या पूर्वपक्षाला दोन आधार दिले जातात. मुलाला आईवडिलांची मिळकत विचारली तर बहुधा आकडा सांगता येत नाही, हा पहिला. आणि कोवळ्या वयात पैशाची चिंता मनाला लावू नये, हा दुसरा. पहिल्यातील निरीक्षण बरोबर असले तरी त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि दुसरा आधार तर अनुभवापुढेच टिकत नाही.

पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय चाचणी घेणारा ‘पिसा’ हा उपक्रम विद्यार्थ्याची आर्थिक-सामाजिक स्थिती ठरवताना त्याला उत्पन्नाचा आकडा विचारत नाही. आईवडिलांचे शिक्षण, त्यांचा व्यवसाय आणि घरातील वस्तू यांविषयी विचारून त्यांवरून तो निर्देशांक, म्हणजे अनेक बाबी एकत्र करून काढलेले एकच माप, तयार करतो. मुलांना आकडा ठाऊक नसतो हे यात गृहीत धरलेले आहे, हे खरे. परंतु घरची परिस्थिती त्यांना विश्वासार्हपणे सांगता येते हेही त्यात तितकेच गृहीत धरलेले आहे. आकड्याचे अज्ञान आणि परिस्थितीचे अज्ञान या दोन भिन्न गोष्टी असून पूर्वपक्ष त्यांची गल्लत करतो.

चिंतेचा मुद्दा घ्यावा, तर फी भरायला झालेला उशीर, कर्जाचा थकलेला हप्ता आणि उसनवारीची कुजबुज मुलांपासून लपत नाही. महाराष्ट्रात १९९९पासून शिधापत्रिकेचा पिवळा, केशरी किंवा पांढरा रंगच कुटुंबाचा उत्पन्नगट सांगतो. मौनाने चिंता टळत नाही, उलट माहितीची जागा तर्क घेतात, आणि ते फसवे असतात. कारण हप्त्यांवर घेतलेली मोटार संपन्नतेचा भास निर्माण करते, तर मोठी जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या हाती उसाचे बिल येईपर्यंत रोख रक्कम नसू शकते. अंथरूण पाहून पाय पसरावेत असा उपदेश करायचा आणि अंथरूण मात्र दाखवायचे नाही, ही विसंगती मोठ्यांची आहे.

म्हणून मुलांना नुसता आकडा सांगून भागणार नाही, त्याची घडण सांगितली पाहिजे. एकूण वेतन, त्यातून भविष्य निर्वाह निधी व व्यवसायकर यांसारख्या कपाती वजा जाऊन हाती येणारी रक्कम, आणि हप्ते फेडल्यावर खर्चासाठी उरणारी रक्कम, या तिन्हींतील फरक नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला साध्या वजाबाकीने कळतो. शेती किंवा रोजंदारी असलेल्या घरात महिन्याऐवजी वर्षाचा हिशेब मांडावा लागतो, इतकेच.

ही समज व्यवहारातही अटळ आहे. अकरावी किंवा पदविकेच्या प्रवेशाच्या वेळी तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला अनेकदा विद्यार्थ्यालाच हाताळावा लागतो, आणि तेथे ‘उत्पन्न’ या शब्दाचा अर्थ प्रयोजनानुसार बदलतो. इतर मागासवर्गीयांतील उन्नत गट, म्हणजे आरक्षणातून वगळलेला सधन वर्ग, ठरवण्याची उत्पन्नमर्यादा २०१७पासून वार्षिक ८ लाख रुपये आहे. मात्र त्या उत्पन्नकसोटीत वेतन आणि शेतीचे उत्पन्न मिळवले जात नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी २०१९मध्ये आलेल्या १० टक्के आरक्षणाची मर्यादाही ८ लाखांचीच असली, तरी तेथे वेतन, शेती, व्यापार यांसह सर्व उत्पन्न जमेस धरले जाते. घरातील मिळकतीचे स्रोत ज्याला ठाऊक नाहीत, त्याला हा भेद कळणे कठीण, आणि तो न कळल्यास चुकीचा अर्ज करणे किंवा हक्काची सवलत गमावणे सोपे.

किशोरवयीनांचे अज्ञान वयाचे नसून त्यांच्यापासून राखलेल्या मौनाचे फळ आहे, असाच निर्णय यावरून करावा लागतो. दहावीनंतर दाखल्याचा अर्ज भरताना तरी पालकांनी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून त्यातील प्रत्येक रकाना समजावून सांगावा.