‘वैमानिकाची चूक’ : अर्धवट उत्तराची सवय

१/ विमान उतरताना धावपट्टी ओलांडून गेले किंवा भलत्याच ठिकाणी टेकले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीतले शब्द ठरलेले असतात : ‘वैमानिकाची चूक’. हे शब्द पुष्कळदा खरेही असतात. मात्र ते उच्चारताच चौकशी संपली असे मानण्याची रीत घातक आहे. मुंबईच्या जुहू विमानतळाचा इतिहास त्याची साक्ष देतो.

२/ जुहूचा तळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन आणलेले छोटे पस मॉथ विमान येथेच उतरले. पुढे मोठी विमाने सांताक्रूझला जाऊ लागली आणि जुहूकडे फ्लाइंग क्लब व हलकी विमाने उरली.

३/ येथला भूगोल महत्त्वाचा आहे. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू दिसते, मग सांताक्रूझ. दोहोंत अंतर जेमतेम काही किलोमीटर आणि दोहोंच्या मुख्य धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. जुहूची धावपट्टी मात्र सुमारे ११०० मीटरची, म्हणजे मोठ्या जेटला अपुरी.

४/ जुलै १९५३ मध्ये बीओएसी कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. दैव बलवत्तर म्हणून निभावले. काही दिवसांनी ते तेथूनच उडवून नेण्यात आले.

५/ २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ हे चार इंजिनांचे जेट त्याच चुकीने त्याच धावपट्टीवर उतरले. ती अर्थातच पुरली नाही. विमान पुढे घुसून कायमचे निकामी झाले. काही जण जखमी झाले, प्राणहानी टळली.

६/ वैमानिक चुकला, यात शंका नाही. समोर दिसणारी धावपट्टी आपलीच आहे, याची खातरजमा करणे हे त्याचे कर्तव्यच होते. परंतु दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन वेगळ्या देशांचे वैमानिक १९ वर्षांच्या अंतराने नेमके एकाच ठिकाणी फसतात, तेव्हा दोष केवळ त्यांच्या डोळ्यांचा उरत नाही. सापळा जमिनीवरही असतो. पहिल्या घटनेनंतर जे काही केले गेले असेल, ते पुरेसे नव्हते, हे दुसरीने सिद्ध केले.

७/ ‘माणूस चुकतोच, त्याला इलाज काय?’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच मिटत आणि विमान पोटावर बसे. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपॅनिस यांनी पाहिले, की दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि सारखेच होते. त्यांनी एकाला चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला पाचरीचा. चूक ‘माणसाची’ होती. उपाय मात्र यंत्रात निघाला. ती रीत आजच्या कॉकपिटमध्येही टिकून आहे.

८/ आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे १३वे परिशिष्ट स्पष्ट सांगते, की तपासाचे एकमेव उद्दिष्ट पुढचा अपघात टाळणे हे आहे, दोष वाटणे नव्हे. भारताच्या २०१२च्या नियमांनीही तेच तत्त्व स्वीकारले आणि त्याच वर्षी विमान अपघात तपास विभाग, म्हणजे एएआयबी, स्थापन झाला. तरीही तपास करणारा हा विभाग आणि नियमन करणारे डीजीसीए, दोन्ही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. अशा रचनेत एकट्या वैमानिकावर येऊन थांबणारा निष्कर्ष सर्वांनाच सोयीचा ठरतो. त्यात ना धावपट्टीला जाब द्यावा लागतो, ना प्रशिक्षणाला, ना नियंत्रण कक्षाला, ना नियामकाला. वैमानिक हयात नसेल, तर प्रतिवादही होत नाही.

९/ म्हणून पुढल्या वेळी ‘वैमानिकाची चूक’ असा मथळा दिसला, की विचारावे : त्या जागी दुसरा वैमानिक असता, तर तोही फसला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर एका माणसाला शिक्षा करून काहीही दुरुस्त झालेले नाही. जुहूने हा धडा दोनदा दिला, आणि दोन्ही वेळा प्राण वाचले ते नशिबाने. ज्या तपासाला केवळ गुन्हेगार सापडतो आणि सापळा सापडत नाही, तो अपुरा तपास आहे. तो स्वीकारण्याचे कारण नाही.