अनुभव : काही नाही

निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि मग घरोघरी आणखी एक परीक्षा सुरू होते. नोकरीच्या अर्जासोबत पाठवायचा बायोडाटा लिहिण्याची. परवा शेजारचा एक मुलगा असाच कागद घेऊन आला. नुकताच बी.कॉम. झालेला. कागदावर वर 'श्री गणेशाय नमः', खाली वडिलांचे नाव, जात, उंची, आवडीनिवडी. जणू स्थळ पाहायलाच निघाला होता! तळाशी 'अनुभव' असा रकाना आणि त्यापुढे दोनच शब्द : 'काही नाही'.

हा मुलगा तीन वर्षे रोज संध्याकाळी मामाच्या किराणा दुकानात बसतो. दोनशे गिऱ्हाइकांची उधारीची वही त्यानेच संगणकावर चढवली. जीएसटीसाठी लागणारी खरेदी-विक्रीची बेरीज दरमहा तोच काढून देतो. हे का लिहिले नाहीस, असे विचारले तर म्हणाला, "ती काय नोकरी आहे का, काका? दुकानातच तर बसतो."

खरी अडचण इथेच आहे. आपल्या मुलांना बायोडाटा लिहिता येत नाही असे नाही. केलेले काम सांगायची त्यांना लाज वाटते. आणि हे कुठे, तर महाराष्ट्रात! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ मध्ये साताऱ्यात महाविद्यालय सुरू केले आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. श्रम करून शिकणे हा तिथे अभिमानाचा विषय होता. आजही अनेक महाविद्यालयांत या योजनेखाली मुले ग्रंथालयात, कार्यालयात तासावर काम करतात. बायोडाटात मात्र त्याचा उल्लेख क्वचितच दिसतो. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर होते. कागदावर उरते फक्त 'एन.एस.एस. सदस्य'. शिबिरात स्वयंपाकाचा शिधा कोणी आणला, खर्चाचा हिशेब कोणी ठेवला? ते लिहा की!

बाकीचे नियम सोपे आहेत. नव्या पदवीधराला एक पान पुरते. वर नाव, फोन, ई-मेल. मग शिक्षण, सर्वांत अलीकडचे आधी. मग काम : काय केले, किती केले, त्यातून काय झाले. सरकारी अर्जाचा नमुना ठरलेला असतो, तो तसाच भरावा. खासगी नोकरीसाठी धर्म, जात, उंची यांचे कारण नाही. जाहिरात दोनदा वाचावी. मोठ्या कंपन्यांत अर्ज बहुधा आधी संगणक चाळतो. म्हणून जाहिरातीत मागितलेले जे कौशल्य खरोखर अंगी असेल, ते त्याच शब्दांत लिहावे.

'मेहनती, प्रामाणिक, जिद्दी' ही विशेषणे कोणीही लावून घेतो. आता तर संगणकाला सांगितले की दोन मिनिटांत गुळगुळीत इंग्रजीत बायोडाटा तयार! पण हजार जणांनी तसेच केले की हजार कागद सारखेच दिसतात. उसन्या शब्दांची गोम मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

पालकांनाही एक सांगणे. मुलांचा बायोडाटा तुम्ही लिहून देऊ नका. शेजारी बसा आणि एवढेच विचारत राहा, "बरं, मग त्यात तू काय केलंस?" उत्तरे त्यांच्याकडे असतात, कोणी विचारलेले नसते, इतकेच.

त्या मुलाने त्याच रात्री कागद नव्याने लिहिला. 'अनुभव' या शब्दापुढे आता तीन ओळी आहेत आणि पहिली सुरू होते 'किराणा दुकान, तीन वर्षे' अशी. नोकरीचे अजून कळलेले नाही. कागदाची एक प्रत मात्र तो मामाला दाखवून आला.