शौर्याच्या आधीची गोष्ट

9 फेब्रुवारी 1904. कोरियातील चेमुल्पो, म्हणजे आजच्या इंचॉन बंदरातून ‘वर्याग’ ही रशियन क्रूझर आणि ‘कोरियेत्स’ ही छोटी गनबोट बाहेर पडल्या. समोर रिअर ॲडमिरल उरिऊ यांचा जपानी ताफा होता : सहा क्रूझर आणि टॉर्पेडो बोटी. दुपारपर्यंत बंदर सोडा, नाहीतर आत येऊन हल्ला करू, असा त्यांचा निरोप होता. कॅप्टन रुद्नेव्ह यांनी शरण जाण्यास नकार दिला. तासाभराच्या लढाईत ‘वर्याग’चे 30हून अधिक जण कामी आले. जखमी जहाज बंदरात परतले आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून खलाशांनीच ते बुडवले. पुढे 1907 मध्ये खुद्द जपानने रुद्नेव्ह यांना मानाचे पदक दिले.

ही गोष्ट सांगताना आपण इथेच थांबतो. माझ्या मते, कॅडेटने इथून पुढे विचार सुरू करावा.

1899 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियात ‘वर्याग’ पाण्यात उतरली. चाचणीत तिने 24 नॉटहून अधिक वेग गाठला. पण तिचे निक्लॉस पद्धतीचे 30 बॉयलर सतत बिघडत. वारंवार दुरुस्ती करूनही युद्धाच्या वेळी तो वेग तिला साधत नव्हता. तिला ‘संरक्षित क्रूझर’ म्हणत. पण पोलादी डेकचे संरक्षण होते ते खालच्या इंजिनांना आणि दारूगोळ्याला. वर 152 मिलिमीटरच्या 12 तोफा होत्या आणि त्या चालवणाऱ्यांपुढे साधी ढालही नव्हती. गोळ्यांचे तुकडे उडाले तेव्हा सर्वांत जास्त माणसे तिथेच पडली.

बॉयलर ठीक असते तर लढाई जिंकली असती, असा माझा दावा नाही. शत्रूचे बळच फार मोठे होते. पण जहाजाचा आराखडा मंजूर करणाऱ्यांच्या चुकीची किंमत उघड्या डेकवरच्या खलाशांनी मोजली, हे विसरून केलेले कौतुक अर्धवट आहे.

जपानने ते जहाज 1905 मध्ये वर काढले, त्याला ‘सोया’ नाव दिले आणि पुढे त्यावर आपले कॅडेट शिकवले. 1916 मध्ये रशियाने ते परत विकत घेतले, पण ते पुन्हा लढले नाही.

कॅडेट मित्रांनो, रायफलीत पुल-थ्रू फिरवताना, स्टोअरची यादी तपासताना कंटाळा येतो. त्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण उद्या तुमच्या हुकमावर दुसऱ्यांची मुले पुढे जातील. त्यांच्या हाती दिलेली वस्तू चालते की नाही, हे आधी पाहणे ही अधिकाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. मुलाला आपल्या स्वाधीन करणाऱ्या आईवडिलांचा तेवढा हक्क नक्कीच आहे.