चौथऱ्यावरचा रणगाडा पुरेसा नाही

महाळुंगे २०२१मध्ये पुणे महापालिकेत आले. नवे रस्ते, मोकळ्या जागा आखल्या जात आहेत. त्यांतली एक जागा युद्धस्मारकासाठी राखावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. मात्र चौथऱ्यावर रणगाडा आणि भोवती साखळी, एवढ्यावर भागवू नये.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात (२०१९) त्यागचक्राच्या भिंती चक्रव्यूहासारख्या वळत जातात. ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका जवानाचे नाव. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकात माया लिन यांनी रचलेली काळी भिंत (१९८२) जमिनीत उतरते. नावावर बोट ठेवणाऱ्याला त्याच दगडात स्वतःचा चेहरा दिसतो. आपल्या वीरगळांनी तर पाहणाऱ्याला असे गुंतवणे शतकांपूर्वीच साधले: खाली झुंज, मध्ये अप्सरांसोबत स्वर्गारोहण, माथ्यावर शिवपूजा. नजर आपसूक वर चढते.

पुण्यातले दक्षिण कमांडचे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून १९९८मध्ये उभे राहिले. तशी वर्गणी इथेही जमेल. आराखडा खुल्या स्पर्धेतून निवडावा, परीक्षकांत वीरपत्नी असाव्यात, नावे लहान मुलाच्या हाताला पोचतील इतकी खाली कोरावीत. आणि जागेचे आरक्षण आताच व्हावे, चहूबाजूंनी टॉवर उभे राहण्याआधी.