ऋतुकाल आणि आय.यू.आय. : वैद्यांनी घड्याळही पाहावे

गर्भसंभवासाठी सुश्रुताचार्यांनी ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज हे चार घटक सांगितले व त्यांत ऋतूचा उल्लेख प्रथम केला. वंध्यत्वाच्या चिकित्सेत क्षेत्र व बीज यांच्या शुद्धीचा विचार आपण तपशिलाने करतो. ऋतूचा विचार मात्र पुष्कळदा 'पाळीनंतरचे दिवस' एवढ्यावरच थांबतो. आय.यू.आय. करून घेणारी अनेक दाम्पत्ये पूरक चिकित्सेसाठी आपल्याकडे येतात. त्यांच्या बाबतीत ही ढिलाई परवडणारी नाही.

ग्रंथोक्त ऋतुकाल १२ ते १६ रात्रींचा आहे, आय.यू.आय.चे गणित तासांचे आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण १२ ते २४ तासच फलनक्षम राहते. समागमानंतर शुक्राणू गर्भाशयग्रीवेतील स्रावाच्या आश्रयाने ५ दिवसांपर्यंत टिकू शकतात. धुऊन थेट गर्भाशयात सोडलेल्या शुक्राणूंना तो आश्रय मिळत नाही. म्हणूनच सोनोग्राफीने बीजपुटकाची वाढ पाहून एच.सी.जी.चे इंजेक्शन देतात व त्यानंतर सामान्यतः २४ ते ३६ तासांनी ही क्रिया करतात. 'चौदावा दिवस' हा सर्वांना लागू पडणारा नियम नव्हे. ३५ दिवसांचे चक्र असणाऱ्या स्त्रीत बीजोत्सर्ग २१व्या दिवसाच्या सुमारास होतो.

यावरून माझे स्पष्ट मत असे की, ज्या चक्रात आय.यू.आय. ठरले आहे, त्या चक्रात विरेचनादी शोधन वा उत्तरबस्ती योजू नये. ती आधीच्या चक्रांत पूर्ण करावी. पुरुषाच्या शुक्रदोषाची चिकित्सा किमान ३ महिने आधी सुरू करावी, कारण शुक्राणूनिर्मितीस सुमारे ७४ दिवस लागतात. आय.यू.आय.च्या आदल्या आठवड्यात दिलेले वाजीकरण औषध त्या दिवशीच्या बीजाचे स्वरूप कसे बदलणार?

यामुळे आपल्याकडे दुय्यम भूमिका येते, असा आक्षेप काही वैद्यमित्र घेतील. परंतु येथे पणाला लागते ते रुग्णेचे वय. स्त्री पस्तिशीच्या पुढे असेल तर ६ महिन्यांच्या प्रयत्नांनंतरच तपासणी व्हावी, असे आधुनिक शास्त्र सांगते. तिला 'आणखी वर्षभर औषध घेऊन पाहा' असे सांगणे म्हणजे ऋतूचाच अनादर होय. प्रत्येक वैद्याने केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख, चक्राचा कालावधी व आय.यू.आय.चा नियोजित दिवस नोंदवावा आणि संबंधित स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलूनच चिकित्साक्रम आखावा.