मोड आलेल्या नाचणीला मोडीत काढू नका

मोड आलेली नाचणी खाऊन रक्त वाढते हा आजीबाईंचा भाबडा समज आहे, असे एका विद्वान वक्त्यांनी नुकतेच ठासून सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नाचणीत लोह बेताचे, आहे तेही फायटिक आम्लाने बांधलेले, वर कॅल्शियमचा अडसर, तेव्हा लोहाची गोळी घ्या आणि भरडधान्यांचे स्तोम बंद करा. टाळ्या भरपूर पडल्या.

फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवते, हे खरेच. पण हा हिशेब कोरड्या दाण्याचा आहे, आणि वक्त्यांनी तो बेधडक मोडाच्या दाण्यावर लादला. हे आम्ल म्हणजे रोपासाठी दाण्याने साठवलेला फॉस्फरस. दाणा भिजून उबेला राहिला की त्यातले फायटेज हे विकर कामाला लागते आणि तेच आम्ल फोडते. ते जितके फुटते, तितके लोह शरीराला मिळण्याजोगे होते. भिजवणाच्या पाण्यात काही टॅनिनही उतरते, म्हणून ते तांबूस पाणी ओतून द्यायचे. नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. दीड-दोन दिवसांत पांढरे बारीक मोड दिसतात. मग वाळवून, मंद आचेवर भाजून दळायची. ज्यांनी हे पुरचुंडीतले रसायन कधी पाहिलेच नाही, त्यांनी त्यावर निकाल देऊ नये. बोल लावायचाच तर वाटून गाळलेल्या सत्त्वाला लावा. तान्ह्या बाळासाठी गाळणे समजू शकते. पण मोठ्यांनीही सत्त्वच खायचे आणि लोहाचा बराच वाटा चोथ्याबरोबर फेकायचा, यात शहाणपण नाही.

कॅल्शियमचा अडसर? मग जोडीला बाजरी घ्या. तिच्यात नाचणीपेक्षा लोह अधिक आहे.

राहिली गोळी. ती हवीच. हिमोग्लोबिन उतरलेल्या गरोदर बाईची भाकरीवर बोळवण करणे हा अपराध आहे. पण देशात लोहाच्या गोळ्या 1970 पासून वाटल्या जात आहेत आणि तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. कुणाला मळमळते, कुणाचे पोट साफ होत नाही, गोळ्या अर्ध्यावर सुटतात. हातसडीच्या तांदळाचा वादही असाच झाला होता. कोंड्याबरोबर थायमिन जाते म्हणणाऱ्यांना जुनाट ठरवले गेले आणि वर उत्तर मिळाले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत की! ताटातले काढून घ्यायचे आणि बाटलीतून परत द्यायचे, ही खोड जुनीच आहे.

माझे म्हणणे साधे आहे. गोळी रक्तक्षय झालेल्यांना सावरते. तो होऊ नये म्हणून रोजचे ताट सुधारावे लागते. मोडाच्या नाचणी-बाजरीची भाकरी, सोबत लिंबू किंवा आवळा, डाळ आणि पालेभाजी, आणि जेवणानंतर तासभर तरी चहा नाही. लिंबा-आवळ्यातले क जीवनसत्त्व वनस्पतीतले लोह शोषायला मदत करते, तर चहा त्याला अडवतो. एकट्या नाचणीने रक्तक्षय हटेल असा माझा दावा नाही. पण नाचणी पिकवणाऱ्या पट्ट्यांतल्या अंगणवाड्यांत गोळ्यांच्या डब्याशेजारी मोडाच्या पिठाचाही डबा असला पाहिजे, आणि ते पीठ गावातल्याच बायकांकडून विकत घेतले पाहिजे.